४२० की ७०० ठरवण्याआधी डीलरच्या वर्कशॉपमध्ये डोकावून या

नमस्कार. पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांत ११ एकर जागा, चढावरचा खडीचा ड्राइववे, जळणाची लाकडं ओढायची, बर्फ काढायचा आणि शनिवार-रविवारी बायको नाहीतर नऊ वर्षांच्या मुलाला मागे बसवून जंगलात भटकायचं, तर एटीव्ही (रानात चालणारी, हँडलची चारचाकी) ४२० सीसीची घेऊ की ७०० ची, असं तुम्ही विचारलंय. त्यात जाता जाता लिहिलंय की डीलर म्हणाला, "ऑटोमॅटिक आहे, हायमध्ये (वेगाच्या रेंजमध्ये) टाका आणि विसरून जा." बाकीची पोस्ट मी नंतर वाचली, आधी त्या वाक्यावरच अडकले. आम्हीही पेनसिल्व्हेनियातलेच, आणि आमच्या सेल्समनने हेच, जवळपास याच शब्दांत सांगितलं होतं.

फोर बाय फोर घ्या, हेल्मेट घाला वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत असणार. आणि मी मेकॅनिक नाही, डीलर नाही, फक्त बरीच वर्षं हे मशीन कामाला जुंपलेली बाई आहे, तेव्हा पटेल तेवढं घ्या.

मुद्दा बेल्टचा आहे. होंडा सोडली तर तुमच्या यादीतली बहुतेक सगळी मशीनं, म्हणजे यामाहाची कोडिअॅक, पोलॅरिसची स्पोर्ट्समन, कॅन-अॅमची आउटलँडर, सुझुकीची किंगक्वाड, ही रबरी बेल्टवर चालतात. पिठाच्या गिरणीचा पट्टा आठवा, तसाच, फक्त इथे दोन्ही बाजूच्या पुली वेगानुसार उघडतात आणि मिटतात, म्हणून गिअर बदलायला लागत नाही. ट्रेलवर याच्यासारखं सुख नाही. पण बर्फाच्या ढिगाऱ्यात प्लाऊ (पुढे लावलेलं बर्फ ढकलायचं पातं) रुतलाय, मशीन जागच्या जागी आणि तुम्ही थ्रॉटल दाबून धरलाय, अशा वेळी पुली बेल्टला नीट पकडत नाही, बेल्ट घासतो, तापतो, एकाच जागी झिजतो. लो रेंज, म्हणजे कमी वेग आणि जास्त जोर, असते ती याचसाठी. आमच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट होतं की ताशी ७ मैलांच्या खाली काम असेल, ओढायचं असेल किंवा प्लाऊ लावला असेल तर लो. हो, मॅन्युअलमध्ये होतं, हे मला घरच्यांनी पुरेसं ऐकवून झालंय. पण प्लाऊ विकणारा, तो स्वतःच्या हाताने बसवून देणारा आणि वर "हायमध्येच ठेवा" म्हणणारा माणूस एकच होता.

पहिल्याच मोठ्या बर्फात जळक्या रबराचा वास आला आणि ड्राइववेच्या मधोमध बेल्ट तुटला. ब्रँडचं नाव घेत नाही कारण भांडण मशीनशी नव्हतंच, मशीन आजही चालतंय. भांडण त्या वर्कशॉपशी. त्यांनी ट्रेलरवर घालून नेलं, "वॉरंटी क्लेम कंपनीकडे पाठवलाय" म्हणाले आणि मग जे गप्प झाले ते झालेच. फोन केला की काउंटरवरची बाई म्हणणार सर्व्हिस मॅनेजर जेवायला गेलाय, सर्व्हिस मॅनेजर भेटला की म्हणणार कंपनीकडून उत्तर नाही, आणि इकडे बाहेर बर्फ पडतोय, प्लाऊवाल्या पिकअपला दर वेळी पैसे मोजतोय, आमचं नवंकोरं मशीन त्यांच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली. शेवटी मी वैतागून थेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला आणि क्लेमची चौकशी केली. त्यांच्याकडे आमच्या नंबरवर एकही क्लेम नोंदलेला नव्हता. म्हणजे पाठवलाच नव्हता! वर्कशॉपला विचारलं तर म्हणे बेल्ट ही झिजणारी वस्तू, वॉरंटीत येत नाही आणि तुम्ही हायमध्ये चालवलंत म्हणजे चूक तुमची. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बेल्ट विकत आणून दोन दिवसांत मोकळे झालो असतो. बेल्टचे पैसे मला आजही टोचत नाहीत, तो हिवाळा टोचतो.

शेवटी मशीन उचलून एका स्वतंत्र मेकॅनिककडे नेलं. त्याने कव्हर उघडून क्लचमध्ये अडकलेले बेल्टचे दोरे दाखवले, तेही साफ करून दिले, नाहीतर म्हणाला नवा बेल्टही टिकला नसता.

म्हणून माझं मत (टोकाचं वाटेल, वाटू दे): आधी वर्कशॉप निवडा, मग ब्रँड, मग सीसी. शोरूममध्ये न जाता मागच्या दाराने सर्व्हिसला जा आणि विचारा, जानेवारीत मशीन आणलं तर किती दिवस रांग असते. तिथे किती मशीनं धूळ खात उभी आहेत ते बघा. मशीन टाकताना तारखेसकट रिपेअर ऑर्डरची प्रत घ्या आणि वॉरंटीचं असेल तर क्लेम नंबर लेखी मागा, तोंडी "पाठवलाय" याला शून्य किंमत. त्याच ब्रँडच्या दुसऱ्या अधिकृत डीलरकडेही वॉरंटीचं काम होतं, जिथून घेतलं तिथेच अडकून राहायची गरज नाही. आणि कोणी म्हणालं की बाहेरची विंच (दोर गुंडाळून ओझं ओढणारं यंत्र) किंवा बाहेरचा प्लाऊ लावलात म्हणून वॉरंटी गेली, तर १९७५ सालच्या मॅग्नसन-मॉस कायद्याचं नाव काढा. फक्त दुसऱ्या कंपनीचा पार्ट लावला एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे त्यांना दाखवावं लागतं. अर्थात झिजणाऱ्या वस्तूंना हा कायदा वाचवत नाही. मी वकीलही नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता तुमचा खरा प्रश्न. सीसी विसरा, वजन बघा. ओल्या ओकची एक कॉर्ड, म्हणजे ४ बाय ४ बाय ८ फुटांची रास, साधारण ५,००० पौंड भरते. होंडाच्या रँचर ४२० ची ओढायची मर्यादा ८४८ पौंड आहे आणि त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजन धरलेलं असतं. ट्रेलर २०० पौंडांचा धरला तर एका कॉर्डला आठेक फेऱ्या. तुम्ही वर्षाला दोन कॉर्ड जाळणार असाल तर रँचर पुरते, उगाच ७०० च्या मागे लागू नका. त्याहून जास्त असेल तर होंडाचीच फोरमन किंवा रुबिकॉन ५२० बघा, किंवा यामाहाची कोडिअॅक ७००, यांची मर्यादा १,३२२ पौंड. होंडाच्या या मशीनांत बेल्ट नाही, गिअर आहेत, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल. दुधाने तोंड पोळलेली बाई आहे मी, हेही लक्षात घ्या. कोडिअॅक बेल्टवाली असली तरी उतारावर चारही चाकांना इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडला की इंजिनच वेग रोखतं) मिळतं आणि चालवणारे शेजारी खूश आहेत. बेल्ट वाईट नाही हो, बेल्टबद्दल खोटं बोलणारा वाईट.

चढापेक्षा उताराला घाबरा. भरलेल्या ट्रेलरला ब्रेक नसतात, तो मागून ढकलतो, आणि ओल्या पानांवर मशीनचा मागचा भाग आडवा व्हायला क्षण लागत नाही. मर्यादेच्या आत असलात तरी तुमच्या चढावर अर्धाच भरा, हळू उतरा, आणि उतरायला सुरुवात करायच्या आधीच लो टाका, मध्येच नाही.

मागच्या सस्पेन्शनचं कोणी बोलत नाही म्हणून सांगते. सॉलिड अॅक्सल (दोन्ही मागची चाकं एकाच दांड्यावर) असेल तर हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडतात तिथे, वजन पडल्यावर मागची बाजू फारशी बसत नाही, लाकडं ओढायला उत्तम, देखभालही कमी. इंडिपेंडंट (प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होणारं) असेल तर ट्रेलवर पाठ वाचते. पोकोनोजची जमीन हिमनदीने सोडलेल्या दगडांनी भरलेली आहे हे तुम्हाला पहिला खड्डा खणल्यावर कळलंच असेल, तेव्हा ट्रेलवर खरंच फिरणार असाल तर इंडिपेंडंट घ्या. "फिरू कधीतरी" असं असेल तर सॉलिड. स्वतःशी खरं बोला, बहुतेक जण पहिल्या वर्षानंतर फक्त लाकडंच ओढतात.

आता मुलाचं. साध्या एका सीटच्या एटीव्हीवर मागे कुणालाही बसवू नका, बायकोला नाही, मुलाला तर नाहीच. चालवणारा वळताना, चढताना अंग पुढे-मागे सरकवून मशीनचा तोल सांभाळत असतो, मागे माणूस बसला की ते जमत नाही आणि मशीन मागच्या मागे उलटतं. दोघांसाठी बनवलेली टू-अप मॉडेल्स असतात, पण पोलॅरिस आणि कॅन-अॅम दोघांच्याही सूचनांत मागे बसणारा किमान १२ वर्षांचा हवा, म्हणजे तुमचा मुलगा तिथेही बसत नाही. तुमच्या जागी मी असते तर लहान साइड-बाय-साइडचा (शेजारी-शेजारी बसायच्या गाडीचा) विचार केला असता, उदाहरणार्थ होंडाची पायोनिअर ५२०. दोन सीट, पट्टे, मागे कलंडवता येणारा हौदा, आणि रुंदी ५० इंच. पण तिथेही मुलाचे पाय गाडीच्या तळाला नीट टेकतात का आणि हात हँडलला पोचतो का, ते शोरूममध्ये बसवून बघा. नाही पोचत तर दोन वर्षं थांबा. तो रुसेल, रुसू दे.

५० इंच मुद्दाम लिहिलं. आपल्या राज्यात एटीव्हीचा क्लास वन म्हणजे ५० इंच रुंदीपर्यंत, आणि स्टेट फॉरेस्टचे काही ट्रेल तेवढ्यांनाच खुले असतात. तुमच्या जवळ डेलावेअर स्टेट फॉरेस्टमध्ये एटीव्ही ट्रेल आहेत, पण उन्हाळी सीझन मेमोरियल डेच्या (मे महिन्याचा शेवटचा सोमवार) आधीच्या शुक्रवारी सुरू होऊन सप्टेंबरअखेर संपतो. स्टेट गेम लँड्सवर (राज्याच्या शिकारीच्या जमिनींवर) जायचं नाही, आणि शेजारच्या टाउनशिप रोडवरून "जरा पुढपर्यंत" हेही नाही, तसा बोर्ड असेल तरच. नोंदणी डीसीएनआर या राज्याच्या वन-संवर्धन खात्याकडे: फक्त स्वतःच्या जागेत वापरणार असाल तर लिमिटेड, बाहेर ट्रेलवर नेणार तर जनरल, आणि मग लायबिलिटी इन्शुरन्सही हवा. मोठी राइड हवी असेल तर शामोकिनजवळ कोळशाच्या जुन्या खाणींच्या जमिनीवर अँथ्रासाइट आउटडोअर अॅडव्हेंचर एरिया आहे, पास काढून जाता येतं, काळ्या धुळीने माखून परत याल. वेस्ट व्हर्जिनियातले हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल तर १,००० मैलांच्या वर आहेत, पण ते आधी मशीन घेतल्यावर बघू.

काही सुटलेल्या गोष्टी. प्लाऊ लावणार असाल तर विंचला लोखंडी वायर नको, सिंथेटिक दोर लावा, कारण पातं सतत वर-खाली करून वायर त्याच जागी मोडते आणि तिच्या कुसळांनी हात फाटतात. आयडलवर (इंजिन नुसतं चालू ठेवून) विंच वापरून बॅटरी बसते, लोक म्हणतात बॅटरी खराब निघाली, खराब नसते, इंजिन तेवढी चार्ज करू शकत नाही. गॅरेजमध्ये बॅटरी मेंटेनर (हळूहळू चार्ज ठेवणारा चार्जर) लावून ठेवा. पंपावर स्वस्त म्हणून ई-१५ (१५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल) भरू नका, एटीव्हीत ते चालत नाही. वापरलेलं मशीन घेणार असाल तर मैलांपेक्षा तासांचा मीटर बघा, मैल कमी आणि तास जास्त म्हणजे आयुष्यभर हळूहळू प्लाऊ ओढलेलं मशीन, बेल्टचं कव्हर उघडून दाखवायला सांगा, विकणारा नाही म्हणाला तर परत या. आणि लाकडं आणून झाल्यावर टिक्ससाठी (गोचिडांसाठी) अंग तपासा, याचा मशीनशी संबंध नाही पण आमच्या घरात दोघांना त्यांच्यापासून होणारा लाइम आजार होऊन गेलाय.

किमतीचं म्हणाल तर छापील किंमत वाचूच नका. फ्रेट (वाहतूक), सेटअप (जोडणी), डॉक फी (कागदपत्रांचे पैसे) आणि ६ टक्के सेल्स टॅक्स धरून दारातून बाहेर पडतानाचा आकडा कागदावर मागा, तीन डीलरांकडून, ईमेलवर. सेटअपचे पैसे काय काय जोडण्याचे आहेत हेही विचारा, आमच्याकडून घेतलेल्या त्या पैशात टायरमधली हवासुद्धा नीट तपासलेली नव्हती.

ड्राइववे किती लांब आहे, चढ साधारण किती आणि तो वळतो का सरळ आहे, हे लिहा. त्यावर पातं ५४ इंची की ६० इंची ते ठरेल. कारण पातं तिरकं केलं की साफ होणारी रुंदी कमी होते आणि टायरचे पट्टे बाहेर राहतात.