गोव्यात कुर्ल्या (खेकडे) टिकवायच्या तर पावसाळी मासेमारीबंदी वाढवून उपयोग होईल का?

नाही होणार. १ जून ते ३१ जुलैची बंदी मुख्यतः समुद्रात मोठी जाळी ओढणाऱ्या ट्रॉलर-पर्ससीन बोटवाल्यांना अडवते. काळी कुर्ली वाढते नदीत, खारफुटीच्या चिखलात, आणि तिला धरतात छोट्या होडीतली आपलीच माणसं. आमच्या घरातलंच सांगतो.

माझे काका शापोरा नदीच्या मुखाशी, मोरजीच्या बाजूला जाळं लावायचे. मी दहावीत होतो. एकदा ओहोटीला बारा-तेरा कुर्ल्या लागल्या, दोन सोडून सगळ्या माद्या. काकांनी एक उलटी धरली, पोटावरची रुंद पट्टी अंगठ्याने दाबली. मागच्या सांध्यातून आतलं केशरी दिसलं. लाख भरलेली! एजंट तिला नरापेक्षा जास्त भाव द्यायचा. मी म्हटलं, काका, या सोडूया. ते म्हणाले, "पोटाखाली अंडी आहेत का? अंड्यांची कुर्ली मी कधी धरलीय?" आणि सुंभाने डेंगे (नांग्या) बांधायला बसले.

अंड्यांची त्यांना नदीत मिळणारच नव्हती. लाख म्हणजे अजून आतच असलेली अंडी. मादी ती घेऊन समुद्राकडे निघते, तिथे अंडी बाहेर काढून पोटाखाली सांभाळते आणि लाखो पिल्लं सोडते. नदीचं गोडसर पाणी त्या पिल्लांना सोसत नाही. म्हणून "अंड्यांची धरू नका" एवढ्या नियमाने काळी कुर्ली वाचत नाही. मुखावरचं जाळं तिला अंडी बाहेर यायच्या आधीच गाठतं.

काका अजून म्हणतात, मी सोडली तर पुढचा धरील. अहो, मुखाच्या पुढे समुद्रच आहे! नदीत वर, शिवोलीला बसणाऱ्याने हे म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं.

गावांनीच ठरवून मुखावरची जाळी काढावीत. लाखवाली मागून घेणारं गिऱ्हाईकही तेवढंच दोषी आहे. शेक-शेकसाठी, म्हणजे कुर्ल्यांच्या कालवणासाठी, वाट्यावर मिळणारी तळहाताएवढीही नसलेली काळी कुर्ली घेऊ नका, ती एकदाही व्यालेली नसते. मोठे नर खुशाल धरा, एक नर अनेक माद्यांना पुरतो.

तुम्ही समुद्रातल्या तीन ठिपक्यांच्या कुर्लीबद्दल विचारत असाल तर गोष्ट वेगळी. ती पोटाखालच्या अंड्यांसकट ट्रॉलमध्ये येते. तिथे बंदीचा फायदा होतो, हे मला मान्य आहे.