एकदाच भरून टाकू का, मॅडम?

वहीचा कागद होता, चौघडी घातलेला. काकांनी तो टेबलावर सपाट केला आणि चष्मा काढून हातात धरला. कागदावर चार ओळी. लोन ॲप 1,22,000. मित्रांचे हातउसने 90,000. आईच्या पाटल्यांवर सोनेतारण 1,40,000. शेवटी नुसतंच 'आयडीवाला', म्हणजे सट्ट्याचं खातं उघडून देणारा एजंट, 60,000. खाली दोन रेघा ओढून बेरीज, 4,12,000.

"पतसंस्थेत माझी ठेव आहे, निवृत्तीची. मोडतो. एकदाच भरून टाकू का, मॅडम? पोरगं म्हणतंय परत हात लावणार नाही. अंबाबाईची शपथ घेतलीय."

सट्ट्यात अडकलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. मुलाला काय झालंय, हा प्रश्न बराच नंतर येतो. म्हणून ही एक हकिगत सांगते. ओळख पटू नये एवढ्यापुरते घरचे तपशील आणि आकडे इकडचे तिकडे केले आहेत.

कोल्हापूरचं घर. वडील साखर कारखान्यातून निवृत्त, थोरली मुलगी इचलकरंजीत दिलेली, धाकटा सव्वीस वर्षांचा, शिरोलीच्या एका फाउंड्रीत तपासणी विभागात. पगार 23,000. घरात त्याला धाकलाच म्हणतात, तेव्हा इथेही धाकटाच म्हणू.

मी काकांना विचारलं, "याआधी कधी भरलेत?"

काका गप्प. काकी म्हणाल्या, "भरलेत की. 2023 ला, गणपतीच्या तोंडावर. लाख पंधरा हजार. तवा पण शपथ घेतलीच हुती."

"किती दिवस टिकली?"

मागच्या खुर्चीवरून धाकटाच बोलला. "पाच आठवडे."

मला तो तिथेच आवडला. या व्यसनात खरं बोलायला फार जड जातं, आणि तो खरा आकडा बोलला होता.

काकांना मी जे सांगितलं ते त्यांना रुचलं नाही. कुणालाच रुचत नाही. म्हटलं, ठेव मोडू नका. तुम्ही पैसे भरता तेव्हा तुमच्या डोक्यात प्रकरण मिटतं. त्याच्या डोक्यात मात्र शेवटचा मोठा डाव लागलेला असतो. हरत हरत गेला, अगदी तळाला पोचला, आणि एका रात्रीत सगळं शून्यावर आलं! असा भाव कुठला बुकी देणार? शिवाय कर्ज फेडलं की लोन ॲपचा दुसऱ्या दिवशी मेसेज येतो, तुमची मर्यादा वाढली आहे. आयडीवालाही बंद केलेला आयडी हसत हसत उघडून देतो. पैसे भरणारं घर आहे, हे त्याला आता कळलेलं असतं.

"मग काय पोराला बुडू द्यू?" काका चिडले. चिडणं रास्त होतं. पुढचे चार महिने आम्ही या प्रश्नाचंच उत्तर शोधत होतो.

धाकट्याची सुरुवात कशी झाली तेही ऐकण्यासारखं आहे. कोल्हापुरात फुटबॉल हा तालमींचा खेळ. हा पोरगाही पेठेतल्या एका तालमीच्या ब संघातून खेळलेला, गुडघा गेला म्हणून बाहेर बसला. डिसेंबर 2022 मध्ये अर्जेंटिना विश्वचषक जिंकली त्या रात्री एका मित्राच्या आयडीवरून 500 रुपये लावले आणि जिंकला. आयडी म्हणजे व्हॉट्सॲपवरचा एजंट एक नाव आणि पासवर्ड देतो, पैसे पाठवले की पॉइंट चढतात. विश्वचषक महिन्याभरात संपतो. स्पेनची ला लीगा संपत नाही. वीस संघ, 38 फेऱ्या, 380 सामने, ऑगस्टपासून मेपर्यंत. तिथली रात्री नऊची मॅच आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबाराला सुरू होते, थंडीत दीडला. घर झोपलेलं, फोनचा उजेड पांघरुणात, आणि सातला पहिली पाळी.

"पण मॅडम, हा जुगार नाही. मटका वेगळा. मटक्यात काय कळतंय? मला फुटबॉल कळतो."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! आणि खरंच त्याला कळत होता. गेटाफे कसं खेळतं, बचाव कसा लावतं, कुठला पंच कार्ड लवकर काढतो, हे तो न थांबता अर्धा तास सांगू शकायचा. मी मुद्दाम सांगू दिलं. मग म्हटलं, 2024 चा डिसेंबर सांग.

30 नोव्हेंबर. बार्सिलोना घरच्या मैदानावर, समोर लास पाल्मास. "बिनधास्त मॅच," म्हणून 15,000 लावले. बार्सिलोना 1-2 हरली. तीन दिवसांनी मायोर्कात 5-1 जिंकली तेव्हा त्याने भीतीने फक्त 2,000 लावले होते. 7 तारखेला बेटिसने शेवटच्या क्षणी बरोबरी केली, 2-2. आणि 15 डिसेंबर, पुन्हा घरचं मैदान, समोर लेगानेस. "परत घरात हरणं शक्यच नाही" हे त्याचं गणित. पाटल्या त्याच आठवड्यात गहाण पडल्या होत्या. 40,000 लावले. लेगानेसने चौथ्या मिनिटाला कॉर्नरवरून गोल केला आणि उरलेला वेळ नुसता धरून ठेवला. पहाटे साडेतीनला तो मोरीत जाऊन बसला. एका आठवड्याने ॲटलेटिकोविरुद्ध पुन्हा तेच, गोल खाल्ला तो जादा वेळेत.

त्या मोसमात विजेतेपद कुणी मिळवलं? बार्सिलोनानेच. आणि लास पाल्मास, लेगानेस दोन्ही संघ खालच्या श्रेणीत घसरले. म्हणजे पोराचं फुटबॉलचं ज्ञान चुकलं नव्हतंच. बार्सिलोना चांगली होती, ते दोघे कमकुवत होते. पण ज्या खेळात सबंध मॅचमध्ये दोन-तीन गोल होतात, तिथे एका कॉर्नरने सगळं उलटतं. साधारण चारातली एक मॅच तर बरोबरीतच सुटते. आणि बार्सिलोना चांगली आहे हे जसं याला माहीत, तसं भाव काढणाऱ्यालाही माहीत. ते ज्ञान भावात आधीच मुरलेलं असतं.

मी कागद ओढला. घरच्या संघाचा भाव 1.25, म्हणजे रुपया लावून जिंकलं तर सव्वा रुपया परत. बरोबरीचा 6, पाहुण्यांचा 12. एकाला या आकड्यांनी भागून टक्के काढायला सांगितले. 80, 16.7, 8.3. बेरीज 105. "शंभरच्या वर कशी गेली?" त्याने विचारलं. वरचे पाच म्हणजे दुकानदाराचा गल्ला. मॅच कुणीही जिंको, ते आधीच कापलेले. आता पाच मॅचची मल्टी घे, म्हणजे पाचही बरोबर आल्या तरच लागणारी एकच चिठ्ठी, प्रत्येकी 1.25. पाच वेळा तोच गल्ला कापला जातो. हजार लावले तर सरासरी 784 परत येतात. चार चिठ्ठ्यांतली जेमतेम एक लागते. उरलेल्या तिन्हींत बहुतेकदा एखादीच मॅच घात करते. मग पोरगं म्हणतं, "एकानं गेलं, बाकी अभ्यास बरोबर होता." त्या 'एकानं गेलं'मध्येच सगळं विष आहे. हरल्याचं दुःख होण्याऐवजी थोडक्यात हुकल्याची चुटपुट लागते, आणि ती झोपू देत नाही.

गणित पटलं. पण गणित पटून कुणी सुटल्याचं मी पाहिलेलं नाही. त्याहून जास्त काम बँकेच्या उताऱ्याने केलं. दोन वर्षांचे यूपीआय व्यवहार त्याने स्वतःच्या हाताने वहीत उतरवले, त्याला तीन बैठका गेल्या. त्याचा अंदाज होता की आपण लाख-दीड लाखाने मागे आहोत. घातलेले 9,40,000. काढलेले 3,10,000. त्याला जिंकलेल्या रात्री तारीखवार पाठ होत्या. हरलेल्यांपैकी निम्म्या आठवतही नव्हत्या.

मध्येच त्याने एक मुद्दा काढला होता. स्पेनमध्ये क्लबच्या शर्टांवरच सट्ट्याच्या कंपन्यांची नावं असतात, तिथे हे राजरोस चालतं, मग आपल्याकडेच एवढा बाऊ का? असायची, हे खरं. तिथे फुटबॉलवर पैसे लावणं नवीन नाही. किनिएला ही सरकारी चिठ्ठी 1946 पासून आहे. पण नोव्हेंबर 2020 मध्ये तिथल्या सरकारने शाही फर्मान काढलं आणि 2021-22 च्या मोसमापासून शर्टांवरची नावं गेली. टीव्हीवरच्या जाहिराती रात्री 1 ते 5 या वेळेत ढकलल्या. "दीडला तर मी जागाच असायचो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

दुसऱ्याच भेटीत मी त्याला आईवडिलांना बाहेर बसवून थेट विचारलं होतं, जीव द्यायचा विचार आला होता का? असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. उलट दार उघडतं. तो बराच वेळ बोटं मोडत राहिला. "रंकाळ्यावर दोनदा जाऊन बसलो होतो. लेगानेसनंतर." त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक त्याच्या आणि बहिणीच्या फोनमध्ये घातला. तो कोणत्याही वेळी लागतो, मराठीत बोलता येतं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं चालू असेल, तर कर्जाच्या हिशोबाआधी हा प्रश्न विचारा.

"तो दारूच्या थेंबाला शिवत नाही ओ," काका पुन्हा पुन्हा म्हणत. त्यांना सांगितलं की 2013 पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगार दारू आणि अमली पदार्थांच्याच पंक्तीला बसवलेला आहे. काका गप्प झाले. पण मला वाटतं त्या दिवसापासून ते मुलावर ओरडायचे थांबले.

मग ठरलं ते असं. पगार होताच बहिणीकडे जाणार. ती त्याला रोज दोनशे रुपये रोख पोचवण्याची व्यवस्था करणार. फोनमधलं यूपीआय काढलं. रात्री दहानंतर फोन देवघरातल्या कपाटात. कर्ज त्याचं, तोच फेडणार, महिन्याला 11,000. आधी मित्रांचे, मग ॲपवाल्यांशी बोलून शेवटची रक्कम लेखी घ्यायची. पाटल्या सोडवायच्या नाहीत, फक्त व्याज भरत राहायचं, तेही त्यानेच. काकी नात्यातल्या चार लग्नांना मोकळ्या मनगटाने जाऊन आल्या. ते सोपं नव्हतं.

आयडीवाल्याचं वेगळं. पैजेचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे निरर्थक असतो, त्याला कोर्टात वसुली करता येत नाही. पण हे लोक कोर्टात जात नाहीत, घरी येतात. म्हणून वकिलाला गाठलं, धमकीचे मेसेज जपून ठेवले. वकिलाने एक फोन केल्यावर तो गृहस्थ पुन्हा दिसला नाही. दर वेळी इतकं सहज होत नाही.

यादीत पाचवी ओळ होती, ती सहाव्या भेटीत निघाली. भिशीचे 65,000. तो भिशीचा हिशोब ठेवायचा. सगळं सांगून झालं असं मुलगा म्हणतो तेव्हा बहुधा एक आकडा मागे राहिलेला असतो, ज्याची लाज सगळ्यांत मोठी असते तो. काकांनी पहिल्याच दिवशी 4,12,000 भरून टाकले असते तर हे 65,000 फेडायला तो रात्री दीडला कुठे गेला असता, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीच माझ्याकडे पाहिलं.

फुटबॉल सोड, असं मी सांगितलं नाही. काही सहकारी सांगतात. मला ते पटत नाही, कोल्हापुरात तर नाहीच. एवढंच म्हटलं की एक मोसम स्पेनच्या मॅच थेट बघू नकोस, शाहू स्टेडियमवरच्या दुपारच्या बघ. तिथे ऊन लागतं, शिव्या देता येतात, आणि घरी यायला उशीर होत नाही.

घसरला तो मे महिन्यात. 11 मे 2025, रविवार, बार्सिलोना-रिअल माद्रिद. मॅच आपल्या संध्याकाळी पावणेआठची, म्हणजे फोन कपाटात जायच्या आधीची. पहिल्या पंधरा मिनिटांत माद्रिद दोन गोलने पुढे. कामावरच्या एकाच्या फोनवरून त्याने 2,000 लावले, बार्सिलोनावर. बार्सिलोना 4-3 जिंकली. दोनाचे नऊ झाले.

हरला असता तर बरं झालं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. तीन दिवस त्याने ते पैसे बुटात ठेवले. चौथ्या दिवशी बहिणीला फोन केला, "ताई, जिंकलोय. घेऊन जा." मी माझ्या वहीत त्या तारखेखाली दोन रेघा ओढल्या आहेत. नऊच्या नऊ हजार भिशीत गेले.

ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला तेव्हा काका कात्रण घेऊन आले. आता पोराला पोलीस धरतील का, ही चिंता. त्या कायद्याचा रोख खेळ चालवणारे आणि जाहिरात करणारे यांच्यावर आहे, हे समजावलं. व्हॉट्सॲपवरचे आयडी मात्र त्या दिवशी बंद झाले नाहीत, तेही सांगितलं.

दिवाळीनंतर ते दोघेच आले, काका-काकी. अजून तीन लाखांच्या वर बाकी आहे. ठेवीची मुदत संपली होती, काकांनी ती पुन्हा गुंतवली. नवी पावती खिशातून काढून दाखवली आणि घडी घालून परत ठेवली.

"परवा रात्री दीडला जाग आली," ते म्हणाले. "सवयीनं. उठून त्याच्या खोलीत डोकावलं. गाढ झोपला होता, फोन कपाटात. मग मलाच पहाटेपर्यंत झोप नाही आली."

काकी म्हणाल्या, "ह्यांचं काय करायचं, ते सांगा आता."