चेन खरंच ताणली जाते का?

प्रश्न : माझ्या साध्या, बिनगिअरच्या सायकलची चेन सारखी उतरते. दुकानदार म्हणतो, ‘लांबलीय, फ्रीव्हीलसकट बदला.’ पोलादी चेन नुसत्या पायडल मारण्याने कशी लांबेल? – एक वाचक, सांगली

उत्तर : शंका रास्त आहे. चेनच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. झिजतात त्या पट्ट्या जोडणाऱ्या पिना आणि त्या ज्या बुशांत, म्हणजे छोट्या नळ्यांत, फिरतात त्यांची आतली बाजू. प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट पडते, पण सांधे शंभराच्या आसपास! हे बुश १८८० साली मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी पेटंट घेतलेल्या रोलर चेनमधले. पिनेचा भार पातळ पट्टीच्या भोकावर न येता बुशच्या पूर्ण लांबीवर पसरतो, आणि वरचा रोलर दातावर घासण्याऐवजी फिरतो. माझ्या मते सायकलमधली सगळ्यात हुशार वस्तू हीच.

दुकानदारावर विश्वास कशाला, मोजाच. पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. चेन ताणून पोलादी मोजपट्टी लावा. २४ सांधे बरोबर १२ इंचांत बसले, तर चेन ठणठणीत. मागचं चाक थोडं मागे ओढून नट आवळा, काम झालं. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त भरलं तर नवी चेन घ्या. पूर्ण सूत भरलं तर मात्र दुकानदार खरा: मागच्या फ्रीव्हीलचे दातही खाल्लेले असणार, त्यांच्यावर नवी चेन घसरते.

आणि गाडीचं जळकं ऑइल चेनला लावू नका. त्यातली काजळी आणि धातूचा कीस थेट पिनेपर्यंत जातो. स्वच्छ तेलाचा एकेक थेंब रोलरवर सोडा, बाहेरचं पुसून टाका.