एअर फ्रायरमधले पोर्क चॉप्स रसाळ राहण्यासाठी

तुम्ही लिहिलंय की अर्धा इंच जाडीचे चॉप्स रात्रभर दही-लिंबात मुरवले, २०० अंशांवर वीस मिनिटं ठेवले आणि ते चिवट, कोरडे झाले. मसाल्यात काही बिघडलेलं नाही. चॉप्स पातळ होते आणि वेळ फार झाला, एवढंच.

एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेली छोटी भट्टी. गरम हवा मांसावरून सतत फिरते, त्यामुळे बाहेरून छान रंग येतो, पण पाणीही झपाट्याने उडतं. अर्ध्या इंचाच्या चॉपला बाहेरून रंग चढेपर्यंत तो आत कधीच शिजून गेलेला असतो. म्हणून खाटकाकडून किंवा कोल्ड स्टोरेजमधून घेतानाच हाडासकट एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर जाडीचे तुकडे कापून मागा. आधी कापून ठेवलेली पाकिटं बहुतेक पातळच असतात. बरगडीकडचा चॉप मिळाला तर उत्तम, त्याला थोडी चरबी असते. कमरेकडचा अगदी बिनचरबीचा तुकडा सगळ्यात लवकर कोरडा पडतो. आणि अर्ध्या इंचाचेच मिळाले, तर सरळ बिडाचा तवा कडकडीत तापवून त्यावर दोन्ही बाजूंनी पटकन परता. एअर फ्रायरचा हट्ट तिथे नको.

आता मीठ. रसाळपणा खरा इथे ठरतो. मीठ मांसातली काही प्रथिनं सैल करतं आणि शिजताना पाणी धरून ठेवायला मदत करतं. दही-लिंबाची आंबट चव पृष्ठभागाच्या फार आत जात नाही, उलट जास्त वेळ ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो. दोन रीती आहेत. एक, लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ (बारीक मिठाचे तीन सपाट मोठे चमचे) विरघळवून चॉप्स त्यात तासभर फ्रिजमध्ये बुडवून ठेवायचे, फार तर दोन तास. दुसरी, दर चॉपला अर्धा छोटा चमचा मीठ दोन्ही बाजूंनी चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. मला दुसरी जास्त आवडते. उघडे ठेवले की पृष्ठभाग सुकतो आणि रंग फार सुरेख येतो. घरात पोर्क न खाणारी माणसं असतील तर झाकणाच्या डब्यात, खालच्या कप्प्यात ठेवा. रंग किंचित कमी येईल, रस तेवढाच राहील. अमेरिकेत राहणाऱ्यांनी पाकिटावरचं लेबल वाचावं. तिथे बरंच पोर्क आधीच मिठाचं पाणी टोचून विकतात, त्याला पुन्हा मीठ लावलं तर खारट होईल.

शिजवण्याआधी चॉप्स कागदी रुमालाने अगदी कोरडे टिपा. कडेच्या चरबीच्या पट्टीला दोन-तीन ठिकाणी सुरीने चिरा द्या. ती पट्टी आकसते आणि चॉप वाटीसारखा वाकतो, मग एक बाजू कच्ची आणि दुसरी करपलेली. कोरडा मसाला नुसता भुरभुरवला तर पंखा तो उडवून लावतो, म्हणून तेलात कालवून चोळा. रेशाद मसाला (मिरची-व्हिनेगरचा गोव्याचा लाल मसाला) लावायचा असेल तर थांबा, त्यात साखर किंवा गूळ असतो आणि २०० अंशांवर तो काळा पडतो. आधी मीठ-मिरी-तेलावर शिजवा आणि शेवटच्या तीन मिनिटांत, तापमान १८० वर आणून, रेशाद लावा. मुरवलेल्याइतका तो आत जात नाही हे खरं, पण व्हिनेगर आणि मिरचीचा तो ताजा तिखटपणा रसाळ मांसावर जास्त खुलतो असं माझं ठाम मत आहे.

फ्रायर २०० अंशांवर पाच मिनिटं रिकामा तापवा. चॉप्स एकमेकांना चिकटू देऊ नका. लहान बास्केटमध्ये दोनच बसतात, मग दोनदा लावा. पाच मिनिटांनी उलटा आणि आठव्या मिनिटापासून तपासायला लागा. एक इंचाचा चॉप साधारण नऊ ते बारा मिनिटांत होतो. हा आकडा अंदाजाचाच आहे, कारण दर मशीन वेगळं तापतं आणि फ्रिजमधून थेट काढलेला चॉप जास्त वेळ घेतो.

म्हणून एकच खर्च करा: टोचायचा डिजिटल थर्मामीटर. हजार रुपयांच्या आत मिळतो. तो वरून नाही, कडेने मध्यापर्यंत खुपसा आणि हाडाला लागू देऊ नका. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०११ मध्ये अखंड तुकड्यांसाठी सुरक्षित तापमान ७१ वरून ६३ अंश सेल्सिअसवर आणलं, त्यानंतर तीन मिनिटं तसंच ठेवायचं. खिम्याला मात्र ७१ कायम आहे. पासष्ट-सत्तरच्या पुढे स्नायूंचे धागे ओल्या पंचासारखे पिळले जातात आणि पाणी बाहेर पडतं. ६१ दिसलं की बाहेर काढा, आतली उष्णता ते आणखी दोन-तीन अंश वर नेते. ६३ झालं की नाही, हे ताटलीत पुन्हा टोचून पाहा. मधोमध हलका गुलाबी रंग दिसेल, तो कच्चेपणा नव्हे. घरच्यांना गुलाबी चालत नसेल तर ६८ पर्यंत न्या, मीठ नीट लावलं असेल तर तरीही बरा लागतो.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. ६३ चा हिशेब तपासणी झालेल्या, खात्रीच्या ठिकाणच्या मांसासाठी. आपल्याकडे मोकाट चरणाऱ्या डुकरांतून पट्टकृमीची लागण हा खराखुरा धोका आहे. तसलं मांस घेऊच नका. मूळ माहीत नसेल, किंवा जेवणाऱ्यांत गरोदर बाई, लहान मूल, आजारी माणूस असेल, तर ७१ च्या वरच शिजवा.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं ताटलीत राहू द्या. फॉइल घट्ट गुंडाळू नका, वरची खरपूस कड मऊ पडते. ताटलीत साठलेला रस फेकू नका, कापल्यावर वरूनच ओता.

आणि दुकानदाराने चॉप म्हणून खांद्याचे तुकडे दिले तर ते या कृतीत घालू नका. त्यातले चिवट पडदे दहा मिनिटांत विरघळत नाहीत. त्याचं विंदालू करा, मंद आचेवर दीड-दोन तास, आणि दुसऱ्या दिवशी पावाबरोबर खा.