भूकंपाच्या वेळी जिन्याकडे धावावे का?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या आवारात चार मजली मुख्य इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि वसतिगृह आहे. भूकंपाच्या सरावात घंटा वाजताच सर्वांना जिन्याने मैदानात नेले जाते. ही पद्धत योग्य आहे का? हादरे थांबल्यावर काय करावे?
– एक प्राध्यापिका

उत्तर : आपण वर्णन केलेला सराव आगीसाठी योग्य आहे, परंतु भूकंपासाठी तो घातक ठरू शकतो. जमीन जोराने हलत असताना माणसाला धड उभेही राहता येत नाही, शेकडो विद्यार्थी एकाच जिन्यावर लोटल्यास चेंगराचेंगरी होते आणि इमारतीबाहेर पाऊल टाकणाऱ्यांवर गच्चीचे कठडे, विटा व काचा कोसळतात. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे १० मार्च १९३३ रोजी झालेल्या भूकंपात बाहेर धावलेले अनेक जण अशाच पडझडीत मृत्युमुखी पडले. तेथील कित्येक शाळाही कोसळल्या. भूकंप सायंकाळी, शाळा सुटल्यानंतर झाला म्हणून मोठा अनर्थ टळला आणि महिन्याभरातच शाळांच्या सुरक्षित बांधकामासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला.

त्यामुळे धक्का जाणवताच खाली वाकावे, मजबूत टेबलाखाली किंवा बाकाखाली डोके व मान झाकावी आणि हादरे थांबेपर्यंत टेबलाचा पाय घट्ट धरून ठेवावा, कारण टेबलही सरकत असते. सभागृहात आसने जमिनीला पक्की बसवलेली असतात. तेथे दोन रांगांमध्ये वाकून हातांनी डोके झाकावे. ग्रंथालयात पुस्तकांच्या उंच मांडण्यांपासून दूर सरकावे. प्रयोगशाळेत बर्नर हाताशी असेल तरच बंद करावा. एरवी रसायनांच्या बाटल्यांपासून दूर होणे अधिक महत्त्वाचे. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याने चाके अडकवून पुढे वाकावे आणि डोके झाकावे. वसतिगृहात रात्री झोपेत असताना धक्का बसला, तर अंधारात फुटलेल्या काचांवरून धावण्यापेक्षा पलंगावरच पालथे होऊन उशीने डोके व मान झाकणे बरे. दाराच्या चौकटीखाली उभे राहण्याचा जुना सल्ला आता सोडून द्यावा, कारण आजच्या इमारतींत चौकट इतर भागांपेक्षा मजबूत नसते.

हा सारा सल्ला इमारत उभी राहील असे गृहीत धरतो, हे मी आग्रहाने सांगू इच्छितो. आपली इमारत जुनी, दगड-विटांची असेल तर स्थापत्य अभियंत्यांकडून तिची तपासणी आणि गरजेप्रमाणे मजबुतीकरण करून घेण्याची मागणी व्यवस्थापनाकडे लेखी करावी. कपाटे आणि मांडण्या भिंतीला पक्क्या करणे मात्र याच आठवड्यात शक्य आहे.

हादरे थांबल्यावर आपला सराव उपयोगी पडेल. लिफ्ट न वापरता, वर लक्ष ठेवत, जिन्याने उतरावे आणि इमारती, झाडे व विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्या जागी जमावे. गॅसचा वास आल्यास विजेचे एकही बटण चालू किंवा बंद करू नये. वर्गवार हजेरी तातडीने घ्यावी, कारण आत कोण अडकले आहे हे बचाव पथकाला त्यावरूनच कळते. घरी फोन करण्याऐवजी संदेश पाठवावा, म्हणजे फोनच्या वाहिन्या जखमींच्या मदतीसाठी मोकळ्या राहतात. सर्वांत कठीण काम म्हणजे मुलांना पुन्हा आत जाण्यापासून रोखणे. पिशवी किंवा मोबाइल आणायला गेलेला विद्यार्थी भूकंपोत्तर धक्क्यात सापडू शकतो आणि पहिल्या धक्क्याने खिळखिळी झालेली भिंत त्याहून सौम्य धक्क्यानेही कोसळू शकते. म्हणून प्रत्येक दाराशी एक जबाबदार व्यक्ती नेमावी आणि अभियंत्यांनी पाहणी करून लेखी परवानगी देईपर्यंत कोणालाही आत सोडू नये.