सोफ्याशेजारचे दोन स्पीकर

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त सराउंड स्पीकरांबद्दल आहेत. म्हणून आजचं सदर त्यांनाच देतो.

प्रश्न : दिवाळीत ५.१ होम थिएटर घेतलं. पुढून आवाज झकास येतो, पण मागच्या दोन स्पीकरांना कान लावून बसलो तरी पाच-पाच मिनिटं काही ऐकू येत नाही. दुकानदार म्हणतो, ‘ते असंच असतं.’ आमचे पैसे वाया गेले का? (नाशिक)

पैसे वाया गेलेले नाहीत, पण दुकानदाराचं उत्तर अर्धंच खरं आहे. ५.१ मध्ये प्रत्येक स्पीकरला वेगळं काम नेमून दिलेलं असतं. बोलणं जवळपास सगळं मधल्या सेंटर स्पीकरमधून येतं. संगीत आणि पडद्यावर दिसणाऱ्या हालचाली पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरांतून येतात. दणका सबवूफरचा, तोच ‘.१’. सराउंडच्या, म्हणजे तुमच्या त्या मागच्या दोघांच्या, वाट्याला येतं ते पडद्याबाहेरचं जग. बंद खोलीत दोन माणसं हळू आवाजात बोलत असतील तर पडद्याबाहेर काही घडतच नसतं, मग सराउंड गप्प बसतात. त्यांनी गप्पच बसायला हवं.

आता तीच दोन माणसं रेल्वेच्या फलाटावर उभी करा. बोलणं अजूनही मधूनच येईल. पण छपराखाली घुमणारी घोषणा, चहावाल्याची आरोळी, पाठीमागच्या रुळावरून डावीकडून उजवीकडे निघून जाणारी गाडी, हे सगळं सराउंडचं. असा एखादा प्रसंग लावा, डोळे मिटून बसा आणि घरातल्या कुणाला तरी होम थिएटरच्या मेन्यूत जाऊन सराउंडची लेव्हल अगदी तळाला न्यायला सांगा. (यंत्र चालू असताना वायर ओढून काढू नका. दोन टोकं एकमेकांना चिकटली तर अ‍ॅम्प्लिफायर जाऊ शकतो.) आवाज कमी झाला असं तुम्हाला वाटणार नाही. फलाट नाहीसा झाला आणि आपण पुन्हा हॉलमध्ये येऊन बसलो, असं वाटेल. सराउंड काय करतात हे मी लोकांना गेली कित्येक वर्षं याच प्रयोगातून दाखवतो.

आता उरलेलं अर्धं. मेन्यूत ‘टेस्ट टोन’ असतो, तो लावा. ‘श्श्श’ असा आवाज एकेका स्पीकरमधून फिरत जाईल. मागून तो आलाच नाही, तर वायर तपासा. तो आला, पण फलाटाच्या प्रसंगातही मागे शांतताच असेल, तर गडबड टीव्हीकडून आहे. टीव्ही एआरसीने (एचडीएमआय वायरीतून टीव्हीचा आवाज होम थिएटरकडे पाठवायची सोय) जोडला असेल आणि त्याच्या ऑडिओ आउटपुटमध्ये ‘पीसीएम’ निवडलेलं असेल, तर पुढे फक्त दोनच चॅनेल, म्हणजे आवाजाचे दोनच वेगळे प्रवाह, जातात. तिथे ‘बिटस्ट्रीम’, ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ यांपैकी जे असेल ते निवडा. अ‍ॅपमध्ये त्या चित्रपटाखाली ‘५.१’ लिहिलंय का तेही बघा. मूळ आवाजच दोन चॅनेलचा असेल तर मागे पाठवायला काही नसतं.

प्रश्न : आमचा हॉल १० बाय १३ फुटांचा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार. इलेक्ट्रिशियनने सराउंड मागच्या भिंतीच्या दोन वरच्या कोपऱ्यांत, छताला लागून बसवलेत. बरोबर आहे का? (डोंबिवली)

नाही. हे मला इतक्या घरांत दिसतं की या प्रश्नाला जरा जास्त जागा देतो. ‘मागचे स्पीकर’ हा आपल्याकडे रुळलेला शब्दच इथे घात करतो. ५.१ मधले सराउंड खरं तर बाजूचे स्पीकर आहेत. आपण घड्याळाच्या मध्यभागी बसलोय आणि टीव्ही बाराच्या आकड्यावर आहे असं समजा. पुढचे दोन स्पीकर अकरा आणि एकवर येतात, म्हणजे मधल्या रेषेपासून ३०-३० अंशांवर. सराउंड येतात चार आणि आठच्या किंचित अलीकडे, ११० ते १२० अंशांवर. बाजूला, पण कानाच्या जरासे मागे.

छताच्या कोपऱ्यात टांगलेला स्पीकर दोन प्रकारे त्रास देतो. पाऊस आजूबाजूला पडण्याऐवजी माळ्यावर पडल्यासारखा ऐकू येतो. शिवाय दोन भिंती आणि छत जिथे मिळतात तिथे खालचे सूर फुगतात, आणि सगळा आवाज घुमा होतो.

तुमच्या हॉलमध्ये मी असं करेन. सोफा फूटभर पुढे ओढेन. एवढ्यानेही फरक पडतो, कारण डोक्यामागची भिंत कानाला चिकटलेली राहत नाही. एक सराउंड बाजूच्या भिंतीवर, सोफ्याच्या रेषेत किंवा थोडा मागे. बाल्कनीच्या बाजूला भिंतच नाही, तिथे स्टँड. दोघांची उंची जमिनीपासून साधारण साडेचार-पाच फूट. बसलेल्या माणसाचा कान तीन-साडेतीन फुटांवर असतो, त्याहून फूट-दीड फूट वर. कानाच्या अगदी रेषेत ठेवलात तर सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याच्या कानात तो एकच स्पीकर वाजत राहतो. सोफा हलणारच नसेल तर तीन आणि नऊवर, म्हणजे अगदी बाजूला ठेवा. तेही चालतं. मागच्या भिंतीवर, डोक्याच्या पाठीशी मात्र नको. आणि पडदा आड येऊ देऊ नका. जाड कापड पहिल्यांदा बारीक, तीक्ष्ण आवाज गिळतं, आणि पावसाचा पाऊसपणा त्यातच असतो.

प्रश्न : रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो मुख्य डबा, प्रत्येक स्पीकरचं ‘डिस्टन्स’ विचारतो. ते भरलंच पाहिजे का? (सांगली)

भरा, आणि बसायच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत टेपने मोजून भरा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक फूट कापायला त्याला एक मिलिसेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो. पुढचे स्पीकर दहा फुटांवर आणि सराउंड चार फुटांवर असतील, तर मागचा आवाज पाचेक मिलिसेकंद आधी पोहोचतो. जो आवाज आधी येतो त्याच दिशेला कान स्रोत मानतो. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये यावर प्रबंध लिहिला, म्हणून याला हास इफेक्ट म्हणतात. तुम्ही अंतर भरलंत की रिसीव्हर जवळच्या स्पीकरला तेवढा थोपवून धरतो.

ही मोजमापं आपोआप घेणारा मायक्रोफोन सोबत आला असेल तर तो हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवरही ठेवू नका. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला. पंखा बंद, आणि कुकरच्या शिट्ट्या होऊन जाऊ द्या.

प्रश्न : वायरलेस सराउंड घेऊ की वायरचे? (पणजी)

बहुतेक वायरलेस स्पीकरांनाही विजेचा प्लग लागतोच. सोफ्याच्या दोन्ही बाजूंना प्लग पॉइंट नसेल तर एक वायर वाचवून दुसरी ओढाल. दहा-बारा मीटरपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पुरते, ती भिंतीच्या कडेने केसिंग पट्टीतून न्या. लाल टोक लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरचं उलटं लागलं तर आवाज येतो, पण तो कुठून येतोय हेच कळेनासं होतं.

प्रश्न : ‘ऑल चॅनेल स्टीरिओ’ लावलं की पाचही स्पीकर वाजतात, मला आवडतं. पण वडील म्हणतात, जुनी गाणी विहिरीतून आल्यासारखी वाटतात, रेडिओवरच बरी होती. (सातारा)

वडिलांचा कान बरोबर आहे. पन्नास-साठच्या दशकांतली बहुतेक गाणी मोनोत ध्वनिमुद्रित झालेली आहेत. तोच एक आवाज पाच ठिकाणांहून पाच वेगवेगळ्या वेळी कानावर आला की गाणारा गळा विरघळून जातो. गाण्यांसाठी ‘स्टीरिओ’ किंवा ‘डायरेक्ट’ लावा, सराउंड बंद राहू द्या. त्यांना समोर बसवून एकदा ऐकवा, दाद ते स्वतःच देतील. चित्रपटासाठी तर ‘ऑल चॅनेल’ कधीच नको. फलाटाच्या प्रसंगात नायकाचं बोलणंही पाठीमागून येऊ लागतं.

प्रश्न : ११ बाय १४ च्या हॉलसाठी ७.१ घ्यावं की अ‍ॅटमॉस? (छत्रपती संभाजीनगर)

७.१ नको. त्यातले जादाचे दोन स्पीकर खरोखर पाठीमागे असतात आणि त्यांना सोफ्यामागे चार-पाच फूट मोकळी जागा लागते. अ‍ॅटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलं, त्यात वरूनही आवाज येतो. छत सपाट असेल तर ५.१.२ (शेवटचे ‘२’ म्हणजे वरून आवाज देणारे दोन स्पीकर) तुमच्या हॉलमध्ये बसेल. पण पैसे मोजके असतील तर आधी चांगला सेंटर स्पीकर घ्या.

प्रश्न : रात्री शेजाऱ्यांसाठी आवाज कमी करतो. मग मागचं काहीच ऐकू येत नाही. (ठाणे)

आवाज उतरवला की सर्वांत आधी हरवतात ते हळू आवाज, आणि सराउंडमधले बहुतेक आवाज हळूच असतात. शिवाय आपला कान समोरच्या आवाजाला जास्त सजग असतो. म्हणून रात्री सराउंड दोन-तीन डेसिबलने वाढवा. काही रिसीव्हर हे आपोआप करतात. मेन्यूत ‘डायनॅमिक ईक्यू’ असेल तर तेच चालू करा, वेगळं वाढवू नका. भिंतीपलीकडे त्रास जातो तो मुख्यतः सबवूफरचा. तो चार-पाच डेसिबलने खाली आणा, आणि फरशीवर ठेवला असेल तर त्याखाली जाड रबरी मॅट घाला. सराउंडची ती दोन-तीन डेसिबलची वाढ शेजाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही.