तथ्यपडताळणी शिकवताना लक्षणांची यादी देऊ नका

बी.एड.च्या छात्राध्यापकांसाठी मिळालेल्या तीन तासिकांत 'खोटी बातमी कशी ओळखावी' याची लक्षणे शिकवावीत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते शिकवू नयेत. भडक मथळा, अशुद्ध लेखन, उद्गारचिन्हांची रांग ही यादी मीही काही वर्षे फळ्यावर लिहून दिली. त्यातून एवढेच झाले की शुद्ध मराठीत लिहिलेला आणि खाली एखाद्या संस्थेचे बोधचिन्ह असलेला खोटा मजकूर त्यांना खरा वाटू लागला. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सॅरा मॅकग्रू यांनी २०१७ साली मांडलेला अभ्यास याच ठिकाणी उपयोगी पडतो. इतिहासाचे अभ्यासक आणि विद्यार्थी समोरचे पानच वरपासून खालपर्यंत वाचत राहिले, तर व्यावसायिक पडताळणीकार लगेच त्या पानातून बाहेर पडले आणि इतर लोक त्या संकेतस्थळाविषयी काय म्हणतात हे नव्या टॅबमध्ये शोधू लागले. शिकवायची ती ही सवय.

पहिल्या तासिकेला दरवर्षी फिरणारे 'दिवाळीच्या रात्रीचा भारत, नासाने टिपलेला' हे चित्र द्यावे. गूगल लेन्सवर शोधले की कळते, हा एका रात्रीचा फोटो नसून अनेक वर्षांच्या उपग्रह नोंदी एकत्र करून केलेला नकाशा आहे. १९९२ पूर्वीचे दिवे पांढऱ्या रंगात आणि नंतर वाढलेले निळ्या, हिरव्या व लाल रंगात दाखवले आहेत. चित्र खरे आणि मथळा खोटा असू शकतो, ही गोष्ट येथे व्याख्यानावाचून समजते.

दुसऱ्या तासिकेला राईनपाडा घ्यावे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील या गावात मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील जनजागृतीची फीत होती. पळवलेले मूल परत आणून सोडल्याचा तिचा शेवटच कापलेला होता. मारहाणीची दृश्ये मात्र वर्गात अजिबात दाखवू नयेत.

तिसऱ्या तासिकेला दहा संदेश द्यावेत आणि त्यांतले निदान चार खरे असावेत. हे मी एका वर्षी विसरलो, आणि माझ्या एका छात्राध्यापिकेने अतिवृष्टीच्या सुट्टीचे अस्सल परिपत्रक बनावट ठरवून भर पावसात सरावशाळा गाठली. गुण देताना खरे-खोटे यापेक्षा मार्ग तपासावा: कोणते शब्द शोधले, मूळ स्रोतापर्यंत पोहोचता आले का आणि कोठे थांबावे लागले. 'ठरवता आले नाही' या उत्तरालाही, शोध नीट मांडला असेल तर, पूर्ण गुण द्यावेत.

मुख्याध्यापकांनीच गटावर चुकीचा संदेश टाकला तर काय करावे, हा प्रश्न दरवर्षी येतो. गटावर उत्तर न देता त्यांना खासगीत मूळ दुवा पाठवावा आणि 'सर, हे एकदा पाहाल का' एवढेच लिहावे.